बारावीची जुनी पुस्तकं टांझानियातल्या शाळेत पाठवायची असतील तर

बारावीचा निकाल लागला, सीईटी-नीटची धावपळ संपली की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली पुस्तकांचे गठ्ठे दिसू लागतात. केमिस्ट्रीचे दोन भाग, फिजिक्सचे दोन, बायोलॉजी, मॅथ्स. बहुतेकांना अजून ब्राउन पेपरचं कव्हर असतं. दोन दिवसांत रद्दीवाला येतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. हीच पुस्तकं टांझानियातल्या एखाद्या सरकारी माध्यमिक शाळेच्या कपाटात पोचली, तर मुलांच्या एकामागून एक तुकड्या त्यांवर शिकून बाहेर पडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी रसायनशास्त्राची शिक्षिका. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं दार-एस-सलामला होतो आणि त्या काळात मोरोगोरोकडच्या एका सरकारी शाळेत मी शिकवायला, नंतर तिथलं ग्रंथालय लावायला जात असे. आता ठाण्याहून पुस्तकांची खेप जाते. कशी पाठवता, असं अनेक जण विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट भाषेची. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते. माध्यमिक शाळेत, म्हणजे फॉर्म वनपासून, जवळपास सगळे विषय इंग्रजीत. तेरा-चौदा वर्षांचं मूल जानेवारीतल्या एका सोमवारी वर्गात येऊन बसतं आणि कालपर्यंत स्वाहिलीत शिकलेलं विज्ञान त्याच्यासमोर एकदम इंग्रजीत येतं. त्यामुळे आपल्याकडची पहिली-दुसरीची रंगीत इंग्रजी पुस्तकं कितीही गोजिरवाणी असली, तरी तिथल्या प्राथमिक शाळेत ती नुसती चित्रं बघायच्या कामाची. खरी गरज माध्यमिकला आहे, त्यातही विज्ञान आणि गणिताला. फॉर्म वन ते फोर हा एक टप्पा, शेवटी राष्ट्रीय परीक्षा. त्यात चांगले गुण मिळाले तर फॉर्म फाइव्ह आणि सिक्स. ही शेवटची दोन वर्षं साधारण आपल्या अकरावी-बारावीसारखी. आपल्याकडे पीसीएम-पीसीबी म्हणतात, तिथेही अगदी हेच म्हणतात.

२०१६ पासून फॉर्म फोरपर्यंतची फी सरकारने माफ केली, २०२२ मध्ये फॉर्म फाइव्ह-सिक्सचीही. फार चांगला निर्णय. घरी बसली असती अशी कितीतरी मुलं, विशेषतः मुली, शाळेत आल्या. पण वर्ग ज्या वेगाने भरले त्या वेगाने पुस्तकं आली नाहीत. मी जात होते त्या शाळेत रसायनशास्त्राचं पुस्तक शिक्षकांच्या टेबलावर असे, एकच. ते फळ्यावर उतरवत, मुलं वहीत उतरवून घेत. फळा पुसला की तो भाग संपला. सल्फ्यूरिक आम्ल तयार करण्याच्या पद्धतीची आकृती शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत पोचेपर्यंत तिच्यातल्या दोन नळ्या गायब झालेल्या असत, आणि ती परीक्षेसाठी तीच आकृती पाठ करत असे. पुस्तकाची गरज म्हणजे काय, ते मला त्या वहीने दाखवलं.

आता कामाला लागू. सुरुवात पुस्तकं गोळा करण्यापासून करू नका. सुरुवात यादीपासून करा, आणि ती यादी तिथल्या शिक्षकांनी केलेली असू द्या. आधी गोळा करून मग शाळा शोधणारे लोक शेवटी जे साचलं ते पाठवतात, आणि तिथल्या मुख्याध्यापकांना पाहुण्यांपुढे नाही म्हणता येत नाही. माझं या बाबतीत ठाम मत आहे: ज्या पुस्तकाची मागणी आलेली नाही ते समुद्रापार पाठवणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं.

शाळा शोधायला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ओळख. दार-एस-सलाममध्ये (सगळे नुसतं ‘दार’ म्हणतात) गुजराती समाज मोठा आणि जुना आहे. मराठी कुटुंबंही बरीच आहेत, कंपन्यांत, बँकांत, इस्पितळांत काम करणारी. त्यांच्यातल्या कुणाचं तरी एखाद्या शाळेत जाणं-येणं असतं. शहरातल्या नावाजलेल्या शाळांऐवजी ‘शुले झा काता’ म्हणतात त्या, म्हणजे प्रभागाच्या सरकारी माध्यमिक शाळा बघा. तिथे पुस्तकं सगळ्यात कमी. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं की तीन गोष्टी विचारा: कोणत्या विषयाचे शिक्षक प्रत्यक्ष आहेत, एका वर्गात मुलं किती, आणि पुस्तकं ठेवायला कुलूप लागणारं कपाट किंवा खोली आहे का. फिजिक्सचा शिक्षकच नसेल तर फिजिक्सची पुस्तकं आधी पाठवण्यात अर्थ नाही. मग शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, मागणीपत्र मागवा. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना त्याची प्रत दिलेली असेल तर उत्तम. हे पत्र पुढे बंदरावरही उपयोगी पडतं.

यादी कशी करायची? अनुक्रमणिकेवरून. एनसीईआरटीच्या किंवा बालभारतीच्या इंग्रजी माध्यमाच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे फोटो काढून तिथल्या विषयशिक्षकांना पाठवा. आमच्या शाळेतल्या केमिस्ट्रीच्या मॅडम त्यांचा सिलॅबस डावीकडे आणि आपली अनुक्रमणिका उजवीकडे ठेवून बसल्या होत्या आणि पेन्सिलीने एकेक प्रकरण जोडत गेल्या. मोल कन्सेप्ट, केमिकल बाँडिंग, इक्विलिब्रियम, कायनेटिक्स, ऑरगॅनिकचा बराचसा भाग. अर्ध्या तासात त्यांनी सांगितलं: अकरावीचे दोन्ही भाग हवेत, बारावीचा दुसरा भाग हवा, पहिल्या भागाच्या थोड्या प्रती पुरतील. इतकं नेमकं मला दार-एस-सलाममध्ये बसून कधीच सांगता आलं नसतं. २०२४ पासून तिथे नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, म्हणून हा ताळा दर खेपेला नव्याने करून घ्या. गेल्या वर्षीची यादी पुन्हा वापरू नका.

इथे एक गोष्ट आपल्या फार फायद्याची आहे. २०२२ मध्ये एनसीईआरटीने अभ्यासक्रम हलका केला तेव्हा बारावी केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, मेटलर्जी, पॉलिमर्स अशी प्रकरणं काढली. अकरावीतून स्टेट्स ऑफ मॅटर गेलं. त्याआधीच्या जाडजूड आवृत्त्यांना आता आपल्याकडे कुणी हात लावत नाही. पण वायूंचे नियम, धातू खनिजातून कसे काढतात, हे तिथल्या मुलांना शिकायचं असतं. म्हणजे आपल्याकडे बाद झालेली आवृत्ती तिथे जास्त कामाची ठरू शकते. तुमच्या माळ्यावर २०१५-१६ ची पुस्तकं असतील तर रद्दीत देण्याआधी शिक्षकांना विचारा.

दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. आपल्याकडे एका बोर्डाच्या सगळ्या मुलांचं पुस्तक एकच असतं. म्हणून एकाच सोसायटीतून, एकाच कॉलेजातून एकाच पुस्तकाच्या तीस-चाळीस प्रती मिळतात. शिक्षकाला नेमकं हेच लागतं. दोनशे वेगवेगळी पुस्तकं आली तर ती कपाटात शोभून दिसतात. एका पुस्तकाच्या तीस प्रती आल्या तर दोघा-तिघांत एक वाटून ‘पान चौऱ्याऐंशी उघडा’ असं म्हणता येतं. फळ्यावर उतरवण्यात जाणारा तास शिकवण्यात जातो. म्हणून माझा नियम असा की विषय कमी घ्यायचे आणि संच पूर्ण करायचे. वीसपेक्षा कमी प्रती जमल्या तर तो विषय पुढच्या वर्षावर टाकते.

नववी-दहावीचं काय, असं हमखास विचारतात. आपलं विज्ञानाचं पुस्तक एकत्र असतं, त्यांच्याकडे फॉर्म वनपासूनच फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी वेगळी शिकवत आलेत. संदर्भाला चार-पाच प्रती ठीक, संच नको. गणिताचं मात्र चालतं.

काय पाठवू नये, तेही सांगते. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल नाही; त्यांना त्यांच्या देशाचा इतिहास-भूगोल शिकायचा आहे. नीट-जेईईचे एमसीक्यूचे ठोकळे नाहीत, कारण तिथली फॉर्म सिक्सची परीक्षा मुख्यतः लेखी उत्तरांची, सविस्तर गणितं सोडवण्याची असते. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच नाहीत, क्लासच्या झेरॉक्स नोट्स नाहीत, भरलेल्या वर्कबुक्स नाहीत. परदेशी लेखकांच्या काही पुस्तकांवर ‘फक्त भारत व शेजारी देशांत विक्रीसाठी’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ती स्वस्त आवृत्ती असते, देशाबाहेर पाठवायच्या ढिगात ती घेऊ नका. मराठी माध्यमाची पुस्तकं कुणी आणून दिली तर त्यांचे आभार मानून ती शहापूर-जव्हारकडच्या एखाद्या शाळेला विचारून तिकडे द्या.

गोळा करायची वेळ मेअखेर ते जून. सोसायटीच्या ग्रुपवर ‘जुनी पुस्तकं द्या’ असा निरोप टाकू नका, कथा-कादंबऱ्यांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं येईल. पुस्तकाचं नाव, इयत्ता, भाग आणि मुखपृष्ठाचा फोटो टाका. कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा. त्यांच्याकडे बाद केलेल्या प्रती असतात, फक्त त्यांवर ‘रद्द’ असा शिक्का मारून घ्या, म्हणजे पुढे कुणाला शंका नको.

मग निवड. मी प्रत्येक पुस्तक उभं धरून पानं फरफरवते. पान निखळलेलं असेल तर लगेच कळतं. पेन्सिलीच्या खुणा चालतात, खोडून टाकायला आमच्या इमारतीतली मुलं मदत करतात. पेनाने लिहिलेली उत्तरं चालत नाहीत, कारण मुलं तीच उतरवून घेतात. पानांना कुबट वास येत असेल, पुठ्ठ्याच्या आत पांढरी बुरशी दिसली, किंवा शिवणीत कसरीची बारीक भोकं दिसली, तर ते पुस्तक बाजूला. एका खराब पुस्तकाची बुरशी लांबच्या समुद्रप्रवासात अख्ख्या खोक्याला लागते. पहिल्या पानावरचं मुलाचं नाव, फोन नंबर, पत्ता यांवर पांढरा कागद चिकटवा. सुटलेला पुठ्ठा फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सेलोटेप लावू नका. तिथल्या उन्हाळ्यात ती पिवळी पडते आणि पानांना डिंक लागतो.

पावसाळ्यात पॅकिंग करायचं नाही. जुलै-ऑगस्टच्या हवेत कागद ओलावा धरतो, आणि टेप मारून खोकं बंद केलं की तो आतच राहतो. पुस्तकं कोरड्या खोलीत उभी रचून ठेवा, सप्टेंबरअखेर दोन-तीन कोरडे दिवस बघून भरा. खोकी पाच पदरी पुठ्ठ्याची, लहान आकाराची घ्या. भरल्यावर वजन पंधरा-सोळा किलोच्या वर जाता कामा नये, कारण शेवटच्या टप्प्यात ती माणसांनी उचलायची असतात. आत जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात पुस्तकं आडवी, शिवण आलटून-पालटून, सिलिका जेलच्या पुड्या, मग पिशवीचं तोंड बांधायचं. प्रत्येक खोक्यात एकच विषय. बाहेर दोन बाजूंना खोक्याचा क्रमांक, विषय आणि प्रतींची संख्या मार्करने लिहा. आत त्याच मजकुराची चिठ्ठी टाका.

पाठवायचे मार्ग तीन. पहिला, कुणाच्या तरी सामानातून. दारला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाने दहा-बारा पुस्तकं नेली तर शिक्षकांना नमुना बघायला मिळतो. पहिल्या वर्षी मी तर एवढंच करा म्हणेन. दुसरा, टपाल. छापील मजकुरासाठी जागतिक टपाल व्यवस्थेत ‘एम-बॅग’ नावाचा प्रकार आहे, एकाच पत्त्यावर जाणारी तीस किलोपर्यंतची पुस्तकांची थैली. आपल्या फॉरेन पोस्ट ऑफिसात दर आणि नियम विचारा. एखाद-दुसऱ्या संचासाठी हे ठीक आहे.

तिसरा मार्ग जहाजाचा, आणि पाच-सहाशे पुस्तकं झाली की तोच परवडतो. अख्खा कंटेनर लागत नाही. ‘एलसीएल’ सांगायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर आपलीही खोकी जातात. भाडं सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर. एनसीईआरटीच्या आकाराची साधारण हजार पुस्तकं एका सीबीएममध्ये बसतात आणि बहुतेक एजंट कमीत कमी एका सीबीएमचे पैसे घेतातच, त्यामुळे तेवढी भरतील असं बघा. न्हावा शेवाहून दारला जहाज दोन-तीन आठवड्यांत पोचतं, पण माल गोळा होणं, बंदरावरचं थांबणं, सोडवणं धरून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालेली खोकी डिसेंबरात सुटली तर जानेवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू होताना कपाटात असतात. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, ‘मासिका’. त्या दिवसांत आतल्या रस्त्यांवर ट्रक अडकतात, तेव्हा खेप तिथे उतरेल असं नियोजन करू नका.

कागदपत्रांत तीन गोष्टी सांभाळा. पॅकिंग लिस्ट खोकंनिहाय करा: क्रमांक, पुस्तक, प्रती, वजन. इन्व्हॉइसवर ‘वापरलेली शालेय पुस्तकं, देणगी, विक्रीसाठी नाहीत’ असं स्पष्ट लिहा, मात्र किंमत शून्य लिहू नका. कस्टम्सला नाममात्र का होईना, आकडा लागतो. छापील पुस्तकांचा कस्टम्स कोड ४९०१, तो दोन्ही कागदांवर असू द्या. माल शाळेच्या नावाने पाठवू नका. तिथे माल सोडवायला करदाता क्रमांक लागतो, म्हणून नोंदणीकृत संस्था किंवा ओळखीची कंपनी माल घेणारी म्हणून दाखवा आणि सोबत शाळेचं मागणीपत्र जोडा. लाकडी पॅलेट वापरणार असाल तर त्यावर धुरी किंवा उष्णता देऊन लाकूड कीडमुक्त केल्याचा आयएसपीएम-१५ शिक्का हवा. त्यापेक्षा नुसती खोकीच बरी.

शैक्षणिक साहित्यावर आयात शुल्क लावू नये यासाठी युनेस्कोचा १९५० चा फ्लोरेन्स करार आहे आणि टांझानिया त्यात सामील आहे. पण शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हे. बंदराचे, गोदामाचे, कागदपत्रांचे, एजंटचे पैसे द्यावेच लागतात आणि छोट्या खेपेला ते जहाजभाड्यापेक्षा जास्त होऊ शकतात. म्हणून माल निघण्याआधी दारमधल्या क्लिअरिंग एजंटकडून सगळे खर्च लेखी मागवा, त्यात शाळेपर्यंतच्या ट्रकचं भाडं मिळवा, आणि ही पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच इथून खोकी हलवा. शाळेवर एक शिलिंगसुद्धा पडता कामा नये. खोकी जितके जास्त दिवस बंदरात पडून राहतील तितकं गोदामभाडं चढत जातं.

सगळा हिशेब मांडल्यावर खर्च डोईजड वाटला, तर पुस्तकं इथे कुणाला तरी देऊन टाका आणि पैसे तिकडे पाठवा. हा मार्ग दुय्यम नाही. प्राथमिक शाळांसाठी तर हाच बरोबर आहे. दारमधली चिल्ड्रन्स बुक प्रोजेक्ट ही संस्था १९९१ पासून स्वाहिली बालपुस्तकांचं काम करते, म्कुकी ना न्योता हे प्रकाशनही त्याच वर्षीचं. त्यांची पुस्तकं विकत घेऊन दिली की मुलांना त्यांच्या भाषेतली गोष्ट मिळते आणि तिथल्या लेखक-चित्रकारांच्या हातात पैसा जातो. फुकट आलेल्या परदेशी पुस्तकांचा ढीग स्थानिक प्रकाशकांचा बाजार बुडवतो, हे विसरू नका. इंग्रजी-स्वाहिली शब्दकोशही तिथूनच घ्या. फॉर्म वनच्या वर्गाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं पुस्तक नाही. बंगळुरूच्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर स्वाहिली गोष्टी मोफत आहेत, छापून वाटायची परवानगीही आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी दोन शब्द. तिथून समुद्रमार्गे स्वस्तात एम-बॅग पाठवायची सोय २००७ मध्ये बंद झाली, आता ती फक्त विमानाने जाते आणि महाग पडते. त्यामुळे स्वतः पार्सल करण्यापेक्षा मिनेसोटाच्या बुक्स फॉर आफ्रिकाकडे द्या. १९८८ पासून त्यांचं हेच काम आहे. त्यांच्या अटी आधी वाचा, फार जुनी पुस्तकं ते घेत नाहीत. ब्रिटनमधली बुक एड इंटरनॅशनल १९५४ पासूनची, पण ती प्रकाशकांकडून नवी पुस्तकं घेते. वापरलेली तिथे नेऊ नका, देणगी द्या.

खेप पोचल्यावरचं काम शाळेचं, पण त्याची सोय आपण आधी करून द्यावी. खोक्यांबरोबर एक जाड दाखल-नोंदवही, शाळेच्या नावाचा रबरी शिक्का आणि शाईचा पॅड पाठवा. प्रत्येक प्रतीवर क्रमांक पडला, शिक्का बसला की पुस्तक हरवायचं प्रमाण कमी होतं. वाळवी तिथे फार. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून उंच, आणि चारी पाय जळक्या तेलाच्या डब्यांत. आमच्या शाळेत हे डबे बघायची जबाबदारी फॉर्म टूच्या दोन मुलांकडे होती. सोमवारी सकाळी मी दारात दिसले की ‘शिकामू, मवालिमू’ (नमस्कार, बाई) म्हणून आधी डब्यांचा अहवाल मिळायचा.

सहा महिन्यांनी शिक्षकांना विचारा, कोणती प्रत जास्त फाटली आणि कोणती कोरी राहिली. त्यावरून पुढची यादी होते. यंदा आमच्या शाळेने मागितलं आहे: अकरावी गणिताच्या तीस प्रती, केमिस्ट्री अकरावीचा पहिला भाग पंधरा, फिजिक्स नको, आणि लॉग टेबलच्या पुस्तिका मिळतील तेवढ्या. त्यांच्या परीक्षेत गणिती कोष्टकं वापरायची मुभा आहे, आणि आपल्याकडे बारावी झालेल्या घरात लॉग टेबल कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेलंच असतं.